कोकणातल्या दमट हवेत गालिचा कसा सांभाळायचा

कोकणात गालिचा टिकत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. तो टिकतो. मात्र काश्मीर, जयपूर किंवा उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या दुकानदाराने सांगितलेली निगा इथे जशीच्या तशी चालत नाही. त्यांच्याकडे मुख्य भांडण धुळीशी असतं, आपलं ओलीशी. लोकर हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्क्यांपर्यंत शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. रत्नागिरी, मालवण किंवा मुरुडला जुलै महिन्यात हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८५-९० टक्क्यांवर असते, तेव्हा खोलीत अंथरलेला गालिचा हे पाणी मुकाट्याने आत घेत राहतो. वरून सगळं ठीक दिसतं. खाली, फरशीला टेकलेल्या बाजूला, बुरशी धरायला सुरुवात झालेली असते.

म्हणून पहिल्यांदाच गालिचा घेतलेल्यांनी एक गोष्ट पक्की ठरवून टाकावी: जून ते सप्टेंबर गालिचा जमिनीवर राहणार नाही. बाकीची सगळी निगा यानंतरची.

आधी उलटा करून पाहा

घरात आलेला गालिचा नेमका कसला आहे हे कळल्याशिवाय त्याची काळजी घेता येत नाही. एक कोपरा उलटा करा. समोरची नक्षी मागेही तशीच स्पष्ट दिसत असेल आणि बोटाला एकेक गाठ वेगळी लागत असेल, तर तो हाताने गाठी मारून विणलेला आहे. त्याची झालर वरून शिवलेली नसते. विणताना मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांचीच ती टोकं असतात. त्यामुळे झालर खराब झाली म्हणून कात्रीने साफ कापून टाकली, तर शेवटच्या ओळीच्या गाठी सुटायला वेळ लागत नाही.

मागे कापड चिकटवलेलं दिसलं तर तो टफ्टेड गालिचा. त्यात गाठी नसतात. धागे टोचून मागून लेटेक्सने चिकटवलेले असतात. उष्ण, दमट हवेत हे लेटेक्स काही वर्षांत भुसभुशीत होतं, गालिच्याखाली पिठासारखी पूड पडू लागते आणि एक आंबूस वास येतो. तो वास कुठल्याही धुण्याने जात नाही. असा गालिचा वापरायला हरकत नाही, पण त्याच्या दुरुस्तीवर फार खर्च करू नये.

‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ म्हणून विकला जाणारा चकचकीत धागा बहुतेक वेळा व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा, असतो. व्हिस्कोज ओलं झालं की दुबळं होतं आणि वाळताना पिवळट डाग धरतं. शंका असेल तर मागून निघालेला एखादा सुटा धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. लोकर आणि रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो, आणि राखेची बोटात पूड होते. व्हिस्कोज कागदासारखं भुरूभुरू जळतं. ते निघालं, तर समुद्राजवळच्या घरात ते जमिनीवर अंथरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खऱ्या गालिच्यात बहुधा दोन प्रकारचे धागे एकत्र असतात. वरची लव लोकरीची आणि आतला उभा-आडवा सांगाडा सुताचा. लोकरीला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते. सूत कुजतं, त्याला बुरशी धरते, तळमजल्यावर वाळवीही लागते. कोकणात हे सगळे शत्रू एकाच घरात राहतात.

जुना गालिचा हाती आला असेल तर आणखी एक परीक्षा करा. कोपरा दोन्ही हातांत धरून कानाजवळ न्या आणि हलकेच वाकवा. नरम, मुका वाकला तर उत्तम. बारीक कटकट आवाज आला तर आतलं सूत कुजलंय असं समजा. तो गालिचा यापुढे घडी घालायचा नाही, झटकायचा नाही आणि घरी तर मुळीच धुवायचा नाही.

कुठे अंथरायचा

जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत पाणी ओढते. गिलावा केलेला असला तरी पावसाळ्यानंतर महिनाभर ती आतून ओली असते. बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या, गालिच्याची कड टेकवू नका. निदान हातभर जागा सोडा. माजघर किंवा मधली खोली त्यामानाने कोरडी असते. ओटीवर आणि पडवीत गालिचा नकोच, तिथे सतरंजी शोभते आणि टिकतेही.

किनाऱ्यालगत घर असेल तर पायाला लागून येणाऱ्या पुळणीचा बंदोबस्त दारातच करा. एक काथ्याचं पायपुसणं उंबऱ्याबाहेर, एक सुती आत. वाळूचा कण लवेच्या बुडाशी जाऊन बसतो आणि प्रत्येक पावलागणिक लोकर मुळातून कापत राहतो. शिवाय समुद्राच्या वाळूबरोबर मीठ येतं, आणि मीठ हवेतली ओल खेचतं. पायवाटेचा पट्टा तेवढाच चिकट, ओलसर लागतो तो त्यामुळेच.

उन्हाचं काय करायचं? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा प्रसिद्ध इराणी गालिचा आहे. त्यावर विणलेलं हिजरी ९४६ हे साल म्हणजे इसवी सन १५३९-४०. रंग उडू नयेत म्हणून तिथले दिवे दर अर्ध्या तासात फक्त दहा मिनिटं लावतात. आपल्याकडे पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीनपासून सूर्यास्तापर्यंत थेट ऊन गालिच्यावर पडत असतं. खिडकीला जाड पडदा लावा आणि दर सहा महिन्यांनी गालिचा अर्धा फिरवून टोकं बदला. रंग उतरलाच तर सारखा उतरेल, आणि पावलांची झीजही एकाच जागी होणार नाही.

खाली अंथरायच्या पॅडबाबत: स्वस्तातलं पीव्हीसीचं जाळीदार पॅड मे महिन्याच्या उकाड्यात फरशीला आणि गालिच्यालाही चिकटतं. फेल्टचं पॅड चांगलं, पण थंडी-उन्हाळ्यापुरतंच. झाडाची कुंडी गालिच्यावर कधीही ठेवू नका, खाली ताटली असली तरी. त्या ताटलीखाली जी ओल साचते तिने सूत कुजतं आणि एके दिवशी कुंडीच्या आकाराचं भोकच हाती येतं.

दर आठवड्याला

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फिरता ब्रश बंद करून, लव ज्या दिशेला झोपते त्या दिशेने चालवा. हात फिरवून पाहिलं की ती दिशा लगेच कळते: एकीकडे गुळगुळीत, उलट फिरवलं की अडतं. झालरीवर मशीन नेऊ नका. मशीन नसेल तर मऊ केरसुणी पुरते. माडाच्या हिरांचा खराटा मात्र लोकर ओढून काढतो.

महिन्यातून एकदा गालिचा उलटा करून मागची बाजू साफ करा आणि खालची जमीनही. उलटा करून हलकं थोपटलं की आत बसलेली वाळू खाली गळते. किती गळते हे पाहिल्यावर दारातल्या पायपुसण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. दांडीवर टाकून काठीने बडवायची पद्धत नव्या, दणकट गालिच्याला सोसते. जुन्याला किंवा रेशमी गालिच्याला ती सोसत नाही.

सांडलं तर

पहिला नियम: घासायचं नाही. पांढरं सुती कापड टेकवायचं, दाबायचं, उचलायचं, आणि डागाच्या बाहेरून आत यायचं. रंगीत कापडाचाच रंग लागू शकतो, म्हणून पांढरं.

आपल्या घरातले डाग आपल्या जेवणातून येतात, तेव्हा त्यांचा स्वभाव माहीत असलेला बरा. माशाच्या कालवणातली हळद पडली की हात आपोआप साबणाकडे जातो. तिथेच थांबा. हळद क्षाराला लागली की लालभडक होते, आणि साबण, सोडा, कपडे धुवायची पावडर हे सगळे क्षारच. आधी चमच्याने वरचा भाग उचला आणि गार पाण्यात पिळलेल्या कापडाने टिपत राहा. तेलाचा भाग राहिला तर त्यावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर तासभर ठेवून नीट झाडून घ्या. कॉर्नफ्लोअरचा कण मागे राहिला तर झुरळं येतील. हळदीचा पिवळेपणा उजेडात आपोआप फिका होतो, म्हणून डागापुरतं थोडं सकाळचं ऊन चालेल, बाकी गालिचा झाकून.

कोकम सरबत किंवा सोलकढी सांडली तरी तेच. कोकमाचा लाल रंग क्षाराने निळसर-काळपट पडतो आणि बसतो. गार पाणी, टिपणं, पुन्हा गार पाणी. आमरसाची साखर पूर्ण निघाली नाही तर मुंग्या येतात, त्यामुळे तिथे दोन-तीन वेळा पाणी बदलून टिपावं लागतं.

लाल मातीचा चिखल ओला असताना हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, मग तो झटकला जातो आणि उरलेला व्हॅक्यूमने निघतो. ओला पुसला तर ती लाल धूळ लोकरीत कायमची मुरते. कुंकवाचंही असंच: कोरडंच उचलायचं, पाण्याचा थेंब नको.

लहान मुलाची किंवा मांजराची शू झाली तर वेळ घालवू नका. ताजी असते तेव्हा ती आम्लधर्मी असते, वाळता वाळता क्षारधर्मी होते आणि रंग फोडते. टिपून घ्या, एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी असं लावून पुन्हा टिपा, मग साध्या पाण्याने. खालून-वरून पंख्याचा वारा लागेल असा कोपरा उचलून ठेवा. व्हिनेगर वापरण्याआधी मागच्या बाजूला ओल्या पांढऱ्या कापडाने रंग निघतो का, हे मिनिटभर दाबून पाहायला विसरू नका.

ब्लीच कुठेही, कधीही नको. ब्लीच लोकर अक्षरशः विरघळवतं.

आगोटीच्या कामांत गालिचाही धरा

मे महिन्यात लाकूडफाटा, मसाले, पापड, कडधान्यं भरायची लगबग असते, त्याच यादीत गालिचा लिहून ठेवा. मृग लागेपर्यंत थांबू नका. वळवाचा एक पाऊस होऊन गेला की हवा बदलते आणि त्या हवेत गुंडाळलेला गालिचा चार महिने ती ओल पोटात घेऊन बसतो. मेच्या मध्याला, आभाळ निरभ्र असलेला दिवस पाहा.

सकाळी दहानंतर, दव पूर्ण उडाल्यावर, गालिचा खळ्यात किंवा गच्चीत सावलीत उलटा अंथरा. मागच्या बाजूला तास-दोन तास थेट ऊन लागलं तर बिघडत नाही. मग दोन्ही बाजू स्वच्छ करा, झालरीचे गुंते हाताने मोकळे करा, आणि कसरीसाठी नीट तपासा. त्याबद्दल पुढे सांगतो. दुपारी तीनच्या आत गालिचा घरात घ्या, कारण खारा वारा सुरू झाला की तो पुन्हा ओल घ्यायला लागतो.

आता गुंडाळणं. घडी घालू नका. घडीच्या रेषेवर सूत तुटतं. जाड पुठ्ठ्याची नळी किंवा पीव्हीसीचा पाइप जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून घ्या आणि त्याभोवती गालिचा लवेच्या दिशेने, सैल नाही पण आवळूनही नाही, असा गुंडाळा. वरून दोन पदरी सुती चादर. नाड्या सुती, तीन-चार ठिकाणी, दाब पडणार नाही इतपत. रेक्झिन, प्लॅस्टिक, ताडपत्री यांत बंद करू नका, आत उरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही.

ठेवायचा कुठे, यावर बऱ्याच घरांत माळ्याचं नाव निघतं. माळा नको. कौल सरकलं की पहिली धार तिथेच, आणि उंदीरही तिथेच. मधल्या खोलीत, पलंगावर किंवा लाकडी बाकावर, भिंतीपासून सुटा, आडवा ठेवा. उभा केला तर स्वतःच्या भाराने खालचं टोक चेपतं आणि जमिनीची ओलही तेच टोक घेतं.

पावसाळ्यात

दर पंधरवड्याला, पाऊस उघडून दोन दिवस वारं लागलेलं असेल तेव्हा, चादर सोडून हात आत घाला. कुबट वास आला किंवा हाताला गारवा लागला तर गालिचा पलंगावर पसरा आणि दिवसभर पंखा सोडा. काही शे रुपयांत मिळणारं आर्द्रतामापक यंत्र त्या खोलीत लावलं तर अंदाजाने वागावं लागत नाही: आकडा ७०च्या वर राहू लागला की बुरशीला आमंत्रण आहे असं समजा. एसी किंवा डीह्युमिडिफायर असेल तर त्याच खोलीत गालिचा ठेवा.

गणपतीत गालिचा काढायचा मोह होतो, आणि तो मी समजू शकतो. पाहुणे, आरास, वर्षातला सगळ्यात मोठा सण. काढा, पण भजनाला बसायला नको. ओल्या पायांनी आलेली माणसं, समईचं तेल, उदबत्तीची ठिणगी, पंचामृत हे सगळं सतरंजीला सोसतं. गालिचा पाहुण्यांच्या खोलीत, खाली कोरडी चटई घालून, तेवढ्याच दिवसांपुरता अंथरा. विसर्जनानंतर पूर्ण एक दिवस पंख्याखाली ठेवल्याशिवाय पुन्हा गुंडाळू नका.

मुंबईकर चाकरमान्यांना एक कळकळीची विनंती. वर्षातून दोनदाच उघडणाऱ्या गावच्या घरात गालिचा ठेवू नका. बंद दारं, बंद खिडक्या, अंधार, कुणाची चाहूल नाही: कसरीला आणि बुरशीला याहून चांगली जागा मिळत नाही. पावसाळ्यापुरता तो सोबत न्या किंवा वाडीतल्या ज्या घरात माणसं राहतात तिथे द्या.

छत गळून गालिचा भिजलाच, तर ओला गालिचा कधी एका टोकाला धरून उचलू नका. भिजलेल्या गालिच्याचं वजन सूत पेलत नाही. खाली चादर सरकवून चौघांनी झोळीसारखा उचला. जुने टॉवेल वर-खाली ठेवून दाबून पाणी काढा आणि दोन बाकांवर बांबू टाकून त्यावर पसरा, म्हणजे खालूनही हवा लागेल. पंखा अखंड चालू. एक-दोन दिवसांच्या आत तो सुकला नाही तर बुरशी धरते. धरलीच, तर वाळल्यावर घराबाहेर नेऊन, नाकातोंडाला कापड बांधून, मऊ ब्रशने झाडा. घरात झाडली तर तिचे कण सगळीकडे पसरतील.

कसर

उडताना दिसणारा लहान, सोनेरी-करडा पतंग गालिचा खात नाही, त्याला खाता येईल असं तोंडच नसतं. खाते ती त्याची अळी, आणि ती उजेडात येत नाही. सोफ्याखालचा भाग, कपाटाखाली दबलेली कड, गुंडाळीचा आतला वेढा, तिथे पाहा. लव अर्धवट कुरतडलेली, खाली सुताचे धागे उघडे पडलेले, आणि बाजूला बारीक रेतीसारखे दाणे. ते दाणे तिची विष्ठा आहे. गालिचा लाल असेल तर दाणेही लालसर असतात. एक जात आपल्या अंगाभोवती लोकरीचाच कोश करून फिरते, त्यामुळे निळ्या फुलावरची अळी निळ्या कोशात असते आणि डोळ्यांना सापडत नाही. भिंग घेऊन, बॅटरीचा उजेड आडवा पाडून शोधावं लागतं.

कोकणातल्या भिंतींवर भोपळ्याच्या बीसारखे चपटे, करडे, दोन्ही टोकांना निमुळते कोश लटकलेले असतात. ते निरुपद्रवी वाटतात, पण त्यांच्या आतली अळी कोळ्यांची जाळी खाते आणि मिळाली तर लोकरही. गालिच्याच्या खोलीत ते आणि जळमटं दोन्ही झाडून टाका.

वेखंडाचे तुकडे, वाळवलेला कडुनिंबाचा पाला, कापूर या घरगुती गोष्टी पतंगाला दूर ठेवायला थोडाफार उपयोग करतात. अंडी आणि अळ्या आधीच असतील तर त्यांनी काहीही होत नाही. डांबरगोळ्या मला पसंत नाहीत. तान्ह्या बाळाच्या घरात त्या ठेवूच नयेत, कारण जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या मुलांना त्यांच्या वाफेने रक्ताचा गंभीर त्रास होऊ शकतो.

लहान आसनाएवढा गालिचा असेल तर थंडी हा सगळ्यात खात्रीचा उपाय. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ गालिच्यावरच पाणी होऊन बसेल. एक दिवस जाऊ द्या. थंडी लोकर किती जपते याचा दाखला सायबेरियात आहे. अल्ताय पर्वतातल्या पाझिरिक इथल्या थडग्यात १९४९ साली सापडलेला गालिचा सुमारे अडीच हजार वर्षांचा. थडग्यात शिरलेल्या पाण्याचा बर्फ झाला आणि तो गालिचा रंगांसकट वाचला. मोठ्या गालिच्याला कसर लागली असेल तर तो ताबडतोब बाकी लोकरी कपड्यांपासून वेगळा करा, दोन्ही बाजूंनी रोज व्हॅक्यूम करा, व्हॅक्यूमची पिशवी घराबाहेर रिकामी करा, आणि कीटकनियंत्रणवाल्यांना तो लोकरीचा आहे हे आधी सांगा.

धुणं आणि दुरुस्ती

धुण्याचा हंगाम डिसेंबर ते मार्च. जमिनीवरून येणारा कोरडा वारा असतो तेव्हाच गालिचा आतपर्यंत सुकतो. दरवर्षी धुवायची गरज नाही. नीट झाडत असाल तर तीन ते पाच वर्षांतून एकदा पुरे.

रंग पक्के असलेला छोटा लोकरी गालिचा घरी धुता येतो. रिठे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घेतलेलं पाणी गार करून वापरा. रिठा नसेल तर लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण. एन्झाइमवाल्या पावडरी नकोत, त्यांतली काही विकरं प्रथिनांचे डाग तोडण्यासाठी असतात आणि लोकर, रेशीम ही प्रथिनंच आहेत. पाणी गार, हात हलका, आणि रिठ्याचा फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळणं. उताराच्या जागी पसरून पाणी निथळू द्या. दोरीवर वाळत घालू नका. रेशमी, जुना, मोठा किंवा रंग सोडणारा गालिचा जाणकाराकडेच द्यावा.

कड उसवली तर त्याच आठवड्यात सुई-दोऱ्याने टाके घाला, भोक पडलं तर गालिच्याचं काम जाणणारा रफूगर शोधा. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर रफूकामासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत, त्यांच्यापैकी काही जण मोठ्या शहरांतून काम करतात. गोंद किंवा इस्त्रीने चिकटणारं कापड लावू नका. पुढे कुणालाही ती दुरुस्ती नीट करता येत नाही.

बाहेर धुवायला देताना दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, लांबी-रुंदी मोजा, आणि ब्लीच किंवा क्लोरीन वापरणार नाही असं पावतीवर लिहून घ्या. परत आला की लगेच अंथरू नका. झालरीचं टोक आणि मधला भाग गालाला लावून पाहा. गार लागला तर आत अजून पाणी आहे. मग दोन दिवस बाकांवर, पंख्याखाली.